पैसे गेले, तिकीट आलं नाही: बटण पुन्हा दाबण्याआधी काय बघायचं

कार्यक्रमाचं तिकीट ऑनलाइन काढताना गाडी अडली की बहुतेक लोक दोनच गोष्टी करतात. पान रिफ्रेश करतात, नाहीतर ‘पे’चं बटण पुन्हा दाबतात. मी एका तिकीट कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये बरीच वर्षं फोन घेतले. बिघाड आमच्याकडचा नसायचा असं नाही, पण साध्या बिघाडाचा गुंता व्हायचा तो बहुतेक वेळा या दोन बटणांमुळे. म्हणून काहीही करण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: नेमकं अडलंय कुठे? रांगेत, सीटवर, पैशात, की तिकीट हाती येण्यात? या चारही ठिकाणचे उपाय वेगळे आहेत आणि एकीकडचा उपाय दुसरीकडे लावला तर तो अंगाशी येतो.

आदल्या दिवशी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण मला आलेले कितीतरी फोन इथेच मिटले असते. जिथे तिकीट मिळणार त्या साइटवर आदल्या दिवशी लॉगिन करून बघा. पासवर्ड आठवत नसेल तर तेव्हाच बदला. ऐन विक्रीच्या वेळी पासवर्ड बदलायची ईमेलसुद्धा रेंगाळते, कारण शेकडो लोक तेच करत असतात. खात्यात जुना मोबाइल नंबर असेल तर तोही बदलून घ्या.

विक्रीची वेळ कुठली दिली आहे ते नीट वाचा. कार्यक्रम दुसऱ्या देशात असेल तर ती बहुधा तिथली वेळ असते, आणि काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. त्यामुळे गेल्या खेपेचा हिशोब या खेपेला जुळेलच असं नाही. प्री-सेलचा, म्हणजे सर्वांसाठीच्या विक्रीआधी काही जणांसाठी होणाऱ्या विक्रीचा, कोड ईमेलमधून कॉपी केला की कधीकधी मागे एक रिकामी जागा चिकटून येते. ती आपल्याला दिसत नाही, सिस्टिमला दिसते, आणि मग ‘इनव्हॅलिड कोड’ येतं. हाताने टाइप करत असाल तर इंग्रजी ‘ओ’ की शून्य, हे एकदा तपासा.

आपल्या लोकांसाठी दोन खास सूचना. पहिली, ब्राउझरचं आपोआप भाषांतर बंद ठेवा. भाषांतर करताना ब्राउझर पानातला मजकूर काढून त्या जागी स्वतःचा बसवतो. सीटचा नकाशा, टायमर अशा सतत बदलणाऱ्या पानात त्याने घोळ होतो आणि बटणं दाबली तरी हलत नाहीत. दुसरी, कार्डाचे आकडे मराठी कीबोर्डवरून टाकू नका. एका काकांचा फोन अजून आठवतो. नाव बरोबर, मुदतीचा महिना बरोबर, साल बरोबर, तरी फॉर्म लालच. सगळं तपासून झाल्यावर मी विचारलं, “काका, आकडे कसे दिसतायत? मराठी की इंग्रजी?” ते म्हणाले, “मराठीच की. मी सगळं मराठीतच लिहितो.” कौतुक वाटलं, पण अनेक पेमेंट फॉर्मना देवनागरी आकडे हे आकडेच वाटत नाहीत. कीबोर्ड बदलला आणि काम झालं.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का, मर्यादा पुरेशी आहे का, कार्यक्रम किंवा विक्रेता परदेशातला असेल तर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का, हे बघून ठेवा. व्हीपीएन, म्हणजे आपला नेटवरचा खरा पत्ता लपवणारं अ‍ॅप, बंद करा. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन त्या साइटपुरतं बंद करा आणि पॉप-अपला परवानगी द्या. बँकेचं ओटीपीचं पान काही वेळा वेगळ्या खिडकीत उघडतं आणि ब्लॉकर ते गिळून टाकतो. ग्राहकाला वाटतं साइट हँग झाली.

रांगेत अडकलात तर

मोठ्या विक्रीला साइट आधी तुम्हाला ‘वेटिंग रूम’मध्ये बसवते. बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी असते की विक्रीच्या वेळेआधी जेवढे आत आले त्या सगळ्यांना सोडतीने नंबर मिळतात आणि नंतर येणारे आल्या क्रमाने त्यांच्या मागे लागतात. म्हणजे पहाटेपासून पान उघडून बसलेल्याला दहा मिनिटं आधी आलेल्यापेक्षा जास्त काही मिळत नाही. मात्र विक्री सुरू झाल्यावर एक मिनिटाने आलात तर आधीच्या सगळ्या गर्दीमागे जाता.

तुमचा नंबर ब्राउझरच्या कुकीत, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत, असतो. दवाखान्यातलं टोकन समजा. जवळ आहे तोवर जागा आहे, हरवलं की पुन्हा शेवटून. त्यामुळे रांगेत असताना कुकी पुसू नका, इनकॉग्निटो खिडकी बंद करू नका. एकाच ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब उघडून काही फायदा नाही, कारण सगळ्या टॅबमध्ये टोकन तेच असतं. उलट काही साइट्स अशा खात्याला बॉट, म्हणजे माणसाऐवजी चालणारा प्रोग्राम, समजून बाजूला काढतात. घरातल्या दुसऱ्या माणसाने स्वतःच्या खात्यावरून, स्वतःच्या फोनवर रांग लावली तर ती खरी दुसरी संधी.

पान डोळ्यांसमोर ठेवा. क्रोमची ८८वी आवृत्ती जानेवारी २०२१ मध्ये आली, तेव्हापासून पाच मिनिटांहून जास्त वेळ मागे पडलेल्या टॅबचे टायमर ब्राउझर मिनिटातून एकदाच चालू देतो. बॅटरी वाचवायला हे चांगलं आहे, पण नंबर आला आणि पानाला ते उशिरा कळलं तर तुमची वेळ निघून जाऊ शकते. लॅपटॉपचं ‘स्लीप’ आणि फोनची स्क्रीन आपोआप बंद होणं तेवढ्यापुरतं थांबवा. वाय-फाय धड असेल तर मध्येच मोबाइल डेटावर उडी मारू नका, काही साइट्स नेटच्या बदललेल्या पत्त्यावरून येणाऱ्याला नव्याने तपासतात.

मग पान उघडलं नाही की त्यावर दिसणारे एररचे आकडे. ५०२, ५०३ आणि ५०४ म्हणजे अडचण साइटच्या बाजूला आहे, तुमच्या फोनमध्ये नाही. अशा वेळी फोन रीस्टार्ट करून काही होत नाही. अर्धा-एक मिनिट थांबून एकदा रिफ्रेश करा. ४२९ म्हणजे तुमच्याकडून फार भराभर विचारणा झाल्या. इथे रिफ्रेश म्हणजे आगीत तेल, हात मागे घ्या. ४०३ म्हणजे तुम्हाला दारातच अडवलंय. व्हीपीएन चालू राहिलं असेल किंवा ऑफिस-हॉस्टेलच्या नेटवर एकाच पत्त्यावरून शंभर जण आले असतील. तुम्ही अजून आतच गेलेला नाहीत, तेव्हा इथे खुशाल मोबाइल डेटावर जा.

साइट रडतखडत चालली म्हणजे विक्री थांबली असं धरून उठू नका. १५ नोव्हेंबर २०२२ ला टेलर स्विफ्टच्या दौऱ्याची प्री-सेल झाली तेव्हा टिकिटमास्टरने स्वतःच सांगितल्याप्रमाणे त्यांच्या यंत्रणेवर ३५० कोटी विचारण्या आदळल्या. लोक तासन्‌तास अडकले, १८ तारखेची सर्वांसाठीची विक्री रद्द करावी लागली. पण त्याच गोंधळाच्या दिवशी २० लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली होती. पान बंद न करता बसून राहिलेल्यांतल्याच कुणाला तरी ती मिळाली.

सीट दिसते, पण हाती लागत नाही

नकाशावरची मोकळी सीट ही काही सेकंदांपूर्वीची बातमी असते. तुम्ही बोट ठेवेपर्यंत ती दुसऱ्याच्या कार्टमध्ये गेलेली असते. गर्दीच्या वेळी सर्वात छान सीटच्या मागे लागाल तर पाच वेळा हात पोळेल. बाजूच्या, जरा मागच्या सीटवर जा. नकाशा जड वाटत असेल आणि यादीचा पर्याय असेल तर यादी वापरा, ती लवकर उघडते.

‘ही निवड करता येत नाही’ असा गूढ संदेश आला तर तुमच्या शेजारी एकच सीट रिकामी उरतेय का बघा. अनेक यंत्रणा एकटी सीट मागे सोडू देत नाहीत, कारण ती नंतर खपत नाही. एक सीट इकडे किंवा तिकडे सरका, काम होतं. चार एकत्र मिळत नसतील तर दोन-दोन शोधा. एकट्याला जायची तयारी असेल तर तुम्ही सर्वात नशीबवान, सुटी सीट शेवटपर्यंत कुठेतरी असतेच.

‘सोल्ड आउट’ हा शब्द पहिल्या अर्ध्या तासात फार मनावर घेऊ नका. कार्टमध्ये टाकलेली सीट काही मिनिटांसाठीच अडवलेली असते. ज्यांचं पेमेंट फसतं किंवा विचार बदलतो त्यांच्या सीट्स टायमर संपला की परत येतात. स्टेज, कॅमेरे, साउंड यांसाठी राखून ठेवलेल्या जागाही मांडणी पक्की झाल्यावर कधीकधी विक्रीला सोडतात, अगदी कार्यक्रमाच्या आठवड्यातसुद्धा. तिकीट पाहिजेच असेल तर अधूनमधून डोकावत राहा.

पैसे

खरी गफलत इथे होते, म्हणून जरा सावकाश.

कार्डाच्या पैशाचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. आधी बँक तेवढी रक्कम अडवून ठेवते, त्याला ऑथरायझेशन म्हणतात. मग विक्रेता ती प्रत्यक्ष उचलतो, त्याला कॅप्चर म्हणतात. तुमच्या फोनवर टिंग करून येणारा मेसेज बहुधा पहिल्याच टप्प्याचा असतो. त्यानंतर ‘पैसे मिळाले’ हा निरोप पेमेंट गेटवेकडून, म्हणजे बँक आणि विक्रेता यांच्यातल्या मध्यस्थाकडून, विक्रेत्याकडे पोचावा लागतो आणि तोवर तुमची सीट कार्टमध्ये शाबूत असावी लागते. निरोप वाटेत लटकला किंवा टायमर आधीच संपला, तर बँकेत पैसे वजा दिसतात आणि साइटवर ऑर्डरचा पत्ता नसतो. कुणी पैसे खाल्लेले नसतात. दोन वह्या अजून जुळलेल्या नसतात, एवढंच. अशा नोंदी यंत्रणा नंतर स्वतःहून जुळवते: एकतर तिकीट उशिरा येतं, नाहीतर अडवलेली रक्कम सुटते.

तेव्हा पान गरगर फिरत राहिलं तर ते तसंच राहू द्या. मागे जायचं नाही, रिफ्रेश करायचं नाही. दुसऱ्या फोनवर किंवा दुसऱ्या उपकरणावर लॉगिन करून ‘माझ्या ऑर्डर्स’ बघा. तिथे ऑर्डर असेल तर विषय संपला, ईमेल येईल तेव्हा येईल. नसेल तर ईमेल आणि स्पॅम बघा. मग बँकेचं अ‍ॅप उघडा आणि नोंद ‘पेंडिंग’ आहे की पूर्ण झाली आहे ते बघून घ्या. या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, वेळ दिसेल असे.

बँकेकडून एकही मेसेज आला नसेल, ना यशाचा ना अपयशाचा, तर व्यवहार बहुधा बँकेपर्यंत गेलेलाच नाही. दोष फॉर्ममध्ये किंवा ब्राउझरमध्ये शोधा, आणि ऑर्डरही दिसत नसेल तर पुन्हा प्रयत्न करा. बँकेचा ‘नाकारलं’ असा मेसेज आला असेल तर साइटशी भांडून उपयोग नाही. मर्यादा, बंद केलेली सुविधा किंवा बँकेला आलेला संशय यांपैकी काहीतरी असतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा किंवा दुसरं कार्ड वापरा. आणि पैसे गेल्याचा मेसेज आला असेल, तर पुन्हा ‘पे’ दाबू नका. मी लोकांना अर्धा तास थांबायला सांगायचे. एक मुलगा मला सांगत होता, “मॅडम, दर वेळी फेल दाखवत होतं, म्हणून मी दाबत गेलो.” तेवढ्यात मागून त्याच्या ईमेलच्या घंटा ऐकू यायला लागल्या. एकाच कार्यक्रमाची, वेगवेगळ्या ओळींतली तिकिटं, सगळी कन्फर्म. तिकिटं परत घेत नाहीत असा नियम बहुतेक ठिकाणी असतो, आणि माझ्या हातात माफी मागण्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

पण कार्यक्रम डोळ्यांदेखत संपत चालला असेल तर? अर्धा तास थांबणं म्हणजे तिकीट सोडून देणं. तेव्हा माझं मत असं: ऑर्डर दिसत नाही, कार्टचा टायमर संपलाय, आणि दोन्ही व्यवहार लागले तर तो खर्च तुम्ही सोसू शकता, या तिन्ही गोष्टी असतील तरच नव्याने काढा. तिसरी गोष्ट नसेल तर नको.

ओटीपीचं वेगळं दुखणं. तो उशिरा आला की लोक ‘रीसेंड’ दाबतात, नवा ओटीपी निघतो आणि बहुतेक बँकांत जुना त्याच क्षणी बाद होतो. मग जुना येऊन पोचतो, तो टाकला की ‘चुकीचा’. निदान मिनिटभर थांबा, एकदाच रीसेंड करा आणि सगळ्यात शेवटी आलेला आकडा टाका.

तक्रार करायची वेळ आलीच तर रागाचा निबंध लिहू नका. माझ्यासारखीला तो वाचायला वेळ नसतो, आणि त्यात नेमका ऑर्डर नंबरच नसतो. असं लिहा:

“अमुक तारखेला अमुक वाजता अमुक कार्यक्रमाची दोन तिकिटं काढली. खात्याचा ईमेल हा. बँकेतून इतकी रक्कम वजा झाली, बँकेचा संदर्भ क्रमांक हा, कार्डाचे शेवटचे चार अंक हे. ‘माझ्या ऑर्डर्स’मध्ये ऑर्डर दिसत नाही. तिकीट कन्फर्म करा किंवा रक्कम परत करा, आणि दोन्हींपैकी काय झालं ते कळवा. स्क्रीनशॉट जोडले आहेत.”

बस. पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी कधीच द्यायचा नाही. खरा कस्टमर केअरवाला ते मागत नाही. एकाच प्रश्नावर चार तक्रारीही टाकू नका, त्या चार जणांकडे जातात आणि चौघं एकमेकांची वाट बघतात.

पेंडिंग रक्कम सुटायला काही दिवस लागू शकतात. ती पूर्ण वजा झाली, विक्रेता दाद देत नाही, तिकीटही नाही, अशी वेळ आली तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून महिनोन्‌महिने गप्प बसू नका. पण विक्रेत्याने परतावा कबूल केला असताना वर चार्जबॅक टाकू नका. दोन्ही प्रक्रिया एकमेकींत अडकतात आणि काही साइट्स तुमचं खातंच बंद करतात.

तिकीट सापडत नाही

पैसे गेले, ऑर्डर कन्फर्म, तिकीट मात्र गायब. यातली बरीच प्रकरणं ईमेलच्या एका अक्षराची असतात. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे दोन खाती: मागच्या वेळी ईमेल-पासवर्डने आलेला माणूस या वेळी ‘गूगलने लॉगिन’ दाबतो, किंवा पाहुणा म्हणून तिकीट काढतो आणि मग आपल्या खात्यात ते शोधत बसतो. ज्या मार्गाने तिकीट काढलं त्याच मार्गाने आत जा.

स्क्रीनशॉटवर विसंबू नका. काही मोबाइल तिकिटांचा बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, त्याचा फोटो गेटवर चालत नाही. गेटजवळ नेटही धड नसतं, कारण हजारो फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात. तिकीट घरूनच अ‍ॅपमध्ये उघडून ठेवा, फोनमध्ये तिकिटं ठेवायच्या वॉलेटमध्ये टाकायची सोय असेल तर टाका. मित्रांची तिकिटं त्यांच्या नावावर ट्रान्सफर करायची असतील तर तीही आधीच करा.

आणि गोंधळात असताना सर्च करून ‘कस्टमर केअर नंबर’ शोधू नका. भामट्यांनी खोटे नंबर पेरलेले असतात, आणि पैसे अडकलेला माणूस त्यांना आयता सापडतो. नंबर अ‍ॅपच्या ‘हेल्प’मधून किंवा कन्फर्मेशनच्या ईमेलमधून घ्या. ‘सोल्ड आउट’ कार्यक्रमाची तिकिटं विकणारी साइट जाहिरातीत सगळ्यात वर दिसली तरी तेच. पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप म्हणजे फक्त जोडणी सुरक्षित. समोरचा प्रामाणिक आहे असं ते सांगत नाही. कलाकाराच्या किंवा सभागृहाच्या अधिकृत पानावरच्या लिंकनेच विक्रीच्या साइटवर जा.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला तरी तिकीट दिसत नसेल तर गेटवरच्या स्वयंसेवकाशी वाद घालत बसू नका. त्याच्या हातात फक्त स्कॅनर असतो. लवकर पोचून सरळ बॉक्स ऑफिसची खिडकी गाठा. ऑर्डर नंबर, ज्या कार्डाने पैसे दिले ते कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. ऑर्डर कन्फर्म असेल तर ती नावावरून किंवा नंबरवरून शोधून तिकीट देणं बऱ्याचदा त्यांना जमतं, पण कार्यक्रम सुरू व्हायला पाच मिनिटं असताना त्या खिडकीसमोरही रांगच असते.